४८४ कलमांची बाकी

आमच्या घरात हिशेबाची एक लाल पुठ्ठ्याची वही आहे. खतं, औषधं, विरळणीच्या बायकांचे रोज, टँकरचे पैसे, सगळं तिच्यात. २०११ च्या पानावर माझ्याच अक्षरात एक ओळ आहे : ‘तात्या. ४८४ कलमं. बाकी.’ त्या ओळीवर आजवर काट मारलेली नाही. ती वही केव्हाच भरली. पण पाडव्याला नवी वही घातली की पहिल्या पानावर मी ती ओळ उतरवून घेते. मालक विचारतात, “अजून ते चालूच आहे का?” मी म्हणते, “चालू आहे.”

आमचं गाव तासगाव तालुक्याच्या पूर्व टोकाला, कवठेमहांकाळच्या शिवेला लागून. पावसानं पाठ फिरवलेला हा सगळा पट्टा, आणि तरी इथल्या माणसानं द्राक्षाचा नाद धरला. ज्या तास-ए-गणेशच्या जिवावर आमच्याकडची अनेक पत्र्याची घरं स्लॅबची झाली, ती जातही याच तालुक्यातल्या बोरगावची. वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधून निवडून काढलेली. लग्न होऊन मी आले तेव्हा सासऱ्यांची, म्हणजे आबांची, दीड एकर बाग होती. एक एकर वरच्या अंगाला माळाचं मुरमाड रान आणि अर्धा एकर खाली ओढ्याकाठचं काळं. मालक एसटीत कंडक्टर. म्हणजे बाग आबांनी आणि मी बघायची.

तेव्हाच्या वेली स्वतःच्या मुळावरच्या होत्या. जातीची काडी घ्यायची, खड्ड्यात रोवायची, तिलाच मुळं फुटायची. वर जी वेल तीच खाली. पाणी होतं तोवर काही अडलं नाही.

२००३ चा दुष्काळ ज्यांनी या भागात काढला त्यांना तो सांगावा लागत नाही. विहिरीचा तळ दिसायला लागला, मग बोअर, मग दुसरा बोअर. तळाचं पाणी जसजसं वर आलं तसतसं खारं होत गेलं. ठिबकच्या तोटीभोवती पांढरी कडी धरायची. पानांच्या कडा करपायला लागल्या, आधी काडीच्या बुडाकडच्या जुन्या पानांच्या, मग वरपर्यंत. आबा रोज संध्याकाळी एखादं पान खुडून हातात घेऊन यायचे, उंबऱ्यावर ठेवायचे आणि काही न बोलता हात धुवायला जायचे. आम्ही टँकर विकत घेतले. बागायतदार घरातला माणूस स्वतःच्या घागरीला हात आखडता घेतो, वेलीच्या बुंध्याला नाही. तरीही त्या वर्षी निम्म्याच्या वर वेली वाळल्या. उरल्या त्यांनी काडी धरली नाही.

तात्या आमच्या घरी आले ते त्या पडलेल्या बागेत. ते कलमं बांधणारे. स्वतःची जमीन नाही, टोळी घेऊन गावोगाव फिरायचे. तरुणपणी श्री. अ. दाभोलकर सरांच्या प्रयोग परिवाराच्या बैठकांत मागच्या रांगेत बसून ऐकलेलं त्यांच्या बोलण्यात अधूनमधून यायचं. आबांशी त्यांची जुनी ओळख. बागेत शिरल्यावर त्यांनी आधी वेलीकडे पाहिलं नाही. बोअरच्या पाइपाखाली ओंजळ धरली, पाण्याचा घोट घेतला, तोंडात फिरवला आणि थुंकला. मग वाळल्या वेलीच्या बुडाशी बसून खुरप्यानं माती उकरली. वीतभर खालचं मूळ काढून त्याची साल नखानं सोलली. आत तपकिरी.

“आबा, येल मेली न्हाई तुमची,” ते म्हणाले. “मूळ मेलं. ह्या पाण्यावर ह्या येलीला सोताचं मूळ चालायचं न्हाई. दुसऱ्याचं द्या.”

दुसऱ्याचं मूळ म्हणजे खुंट. मला तो शब्द गाईगुरांच्या गोठ्यातला वाटला होता. तात्यांनी खुरप्याच्या टोकानं मातीत काढून दाखवलं : खाली जंगली वेलीचं खोड आणि मूळ, वर आपली गणेश. खालची वेल पाणी शोधणार, मीठ अडवणार, वरची फळ देणार.

पुढं मी शिकत गेले तसं कळलं की द्राक्षाची वेल मिठाच्या बाबतीत मुळातच नाजूक आहे. मातीच्या अर्काची ईसी, म्हणजे क्षारांचं माप, दीडच्या पुढे सरकली की उत्पन्नात घट सुरू होते. आमची युरोपियन वंशाची वेल क्लोराईड मुळातून आत घेते आणि थेट पानात नेऊन साठवते, म्हणून कडा जळतात. डॉगरीजसारखा खुंट बरंचसं क्लोराईड मुळातच थोपवतो. सूत्रकृमीलाही तो दाद देत नाही, मुळं खोल घालतो. फ्रान्सचे लोक दीडशे वर्षांमागं खुंटाकडे वळले ते फिलॉक्झेरा नावाच्या किडीपायी. ती मुळं खाऊन त्यांचे मळेच्या मळे संपवत होती. आमच्याकडे खुंट आला तो दुष्काळापायी आणि खाऱ्या पाण्यापायी.

२००४ च्या फेब्रुवारीत खड्डे घेतले. नऊ बाय पाच, म्हणजे एकरी ९६८. दीड एकरात १४५२. डॉगरीजची मुळं फुटलेली रोपं तात्यांनीच आणून दिली. ती काडी मुळं धरायला हट्टी, त्यामुळं रोपं स्वस्त नव्हती. रोपांचे पैसे आम्ही माझ्या पाटल्यांवर उभे केले. कलमाच्या मजुरीला काही उरलं नाही. तात्या म्हणाले, “बाग धरंल तवा बघू.”

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, हवेत ओल असताना, त्यांची टोळी आली. मी पाणी देण्याच्या निमित्तानं त्यांच्या मागं मागं फिरत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात चाकू दिला.

ते काम मी आजही डोळे मिटून करू शकते. खुंटाची पेन्सिलीएवढी जाड, सरळ वाढवलेली काडी जमिनीपासून फूटभरावर आडवी कापायची. कापाच्या मधोमध दीड इंच खाली सरळ चीर. गणेशची दोन डोळ्यांची काडी घ्यायची, तिच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची. एका ओढीत. दोनदा चाकू फिरवला की पाचरीवर लाट येते आणि लाटेत हवा राहते. पाचर चिरेत बसवताना सालीच्या आतली हिरवी रेघ खुंटाच्या हिरव्या रेघेला लागली पाहिजे. दोन्ही काड्या सारख्या जाडीच्या नसतील तर निदान एका बाजूला तरी. मग प्लॅस्टिकची पट्टी खालून वर, ताणून, एकावर एक. तात्या पट्टी बांधून झाली की अंगठा जोडावरून फिरवायचे. कुठं पोकळी असेल तर अंगठ्याला कळतं.

पहिल्याच दिवशी मी एका ओळीत तीन काड्या उलट्या बसवल्या. डोळे खाली तोंड करून. टोळीतल्या पोरांनी पाहिलं नाही. तात्या मागून आले, तिन्ही पट्ट्या सोडवल्या, नव्या काड्या घातल्या आणि पुढं गेले. दुपारी भाकरी खाताना मला एवढंच म्हणाले, “डोळा आभाळाकडं बघतोय का, ते आधी बघायचं.” तीन कलमांची ती गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही, आबांनाही नाही.

पंधरा-वीस दिवसांत डोळे फुटले. कापसासारखा पहिला कोंब पट्टीच्या वर दिसला तेव्हा आबा रानातच बसून राहिले.

२००६ च्या मार्चला पहिला माल गेला. मी पैसे मोजून, वही घेऊन तात्यांच्या घरी गेले. १४५२ कलमांचा हिशेब त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून आकडा पाहिला आणि म्हणाले, “सत्तावन्न धरली न्हवती. ती वजा कर.” मला आठवतही नव्हतं. ती ५७ त्यांनी दुसऱ्या वर्षी येऊन पुन्हा भरून दिली होती, त्याचीही मजुरी त्यांनी मांडली नाही. “न धरल्याली कलमं माझी. धरल्याली तुझी.” दर त्यांनी २००४ चाच लावला.

इथपर्यंत डॉगरीज आमचा देवच होता. गावात, तालुक्यात, सोलापूर-नाशकाकडं, जिथं जावं तिथं डॉगरीज. शेजाऱ्यानं लावला म्हणून आपण, नर्सरीत तोच मिळतो म्हणून आपण. हा खुंट टेक्सासच्या रानातला आहे, टी. व्ही. मुन्सन नावाच्या माणसानं बेल काउंटीतल्या रानवेलीतून निवडलेला, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. रानवेलीचं आडदांडपण त्यानं सोडलेलं नाही. मुरमाड, हलक्या, पाण्याला तोटा असलेल्या वरच्या एकरात ते आडदांडपण आम्हाला हवंच होतं. मणी फुगायचे, काडी भरायची, वेल उन्हाळा काढायची.

खालच्या अर्ध्या एकरात ते उरावर बसलं. काळी माती ओल धरून ठेवणारी. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटवे असे सुटायचे की शेंडा खुडून घरी यावं तोवर बगलफूट हातभर. मांडवाखाली दुपारी अंधार पडायचा. आता खरड छाटणीनंतर चाळीस ते साठ दिवस हे द्राक्षाच्या वर्षातले सगळ्यात मोलाचे दिवस असतात. पुढच्या हंगामाचा घड त्याच वेळी काडीवरच्या डोळ्यात, सूक्ष्म रूपात ठरतो. त्याला ऊन लागतं, आणि वेलीनं वाढ थांबवून साठा करायला लागतो. सावलीत, जोमात धावणाऱ्या काडीचा डोळा घड धरत नाही. ऑक्टोबरला छाटणी केली की त्या डोळ्यातून येते ती बाळी, म्हणजे घडाच्या जागी तणावा, किंवा नुसताच पाला. आम्ही म्हणतो घड जिरले. खालच्या रानात वर्षामागून वर्ष घड जिरत होते. जो माल यायचा त्याचा रंग एकसारखा नसायचा, साखर उतरायला उशीर, मण्याला आंबट झाक राहायची. आणि पानं मधूनच काळपट पडायची. देठ तपासल्यावर कळलं की सोडियम वाढलंय आणि पोटॅश घटलंय. क्लोराईड अडवणारा हा खुंट आमच्या त्या मातीत सोडियमपुढं हात टेकत होता.

जोम आवरायला मग औषध आलं. सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड. वाढ रोखतं, काडी आखूड ठेवतं, घड धरायला मदत करतं. दुकानातून सल्ला यायचा, सगळेच मारायचे, मीही मारलं. २०१० च्या हंगामात युरोपात आपल्या द्राक्षांत त्याचा अंश सापडला. तिथली मर्यादा तेव्हा किलोला ०.०५ मिलिग्रॅम होती. एप्रिलनंतर फवारलेलं औषध वेलीच्या लाकडात राहून मार्चच्या फळात उतरत होतं. कंटेनर अडकले, भाव कोसळले. माझा माल ज्यांनी उचलला होता त्यांनी ठरलेल्या पैशातले निम्मेही दिले नाहीत, आणि भांडायला माझ्याकडं तोंड नव्हतं. फवारणीची तारीख माझ्याच वहीत माझ्याच हातानं लिहिलेली होती.

तात्या ते ऐकून न बोलावता आले. सरळ खालच्या रानात गेले. मांडवाखाली उभे राहून वर बघत होते, पानांतून उन्हाचा एक ठिपकासुद्धा त्यांच्या अंगावर पडत नव्हता. मी औषधाचं, दुकानाचं, व्यापाऱ्याचं सांगत होते. त्यांनी मला मधेच थांबवलं.

“पोरी, चूक माझी हाय. वरच्या रानाला जे दिलं तेच मी खाली दिलं. दोन रानं दोन येगळी, मी एकाच मापानं मोजली. औषध तू नंतर मारलंस, पर ते मारायची पाळी माझ्यामुळं आली.”

आमच्या धंद्यात माझ्या इतक्या वर्षांत ही वाक्यं मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेली नाहीत. रोप विकणारा हवामानाला दोष देतो, औषध विकणारा फवारणीच्या वेळेला, आणि आपण नशिबाला. मजुरीवर कलमं बांधणाऱ्या माणसाला तर खुंट कुठला निवडला याची जबाबदारी घ्यायचं काहीच कारण नव्हतं. त्यांनी ती घेतली, भर दुपारी, माझ्यादेखत. माझ्यावरचं ऋण मोजायचं तर मी तिथून मोजते.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघं पुण्याजवळ मांजरीला गेलो, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात. तात्यांच्या मांडीवर पिशवी, पिशवीत दोन्ही रानांची माती, बोअरच्या पाण्याची बाटली आणि पानांचे देठ. तिथं पहिल्यांदा आम्हाला कुणीतरी विचारलं की जमीन किती खोल आहे, चुनखडी किती आहे, पाणी कसलं आहे, जात कुठली आहे, माल कुठं पाठवता. खुंट शेवटी आला. खालच्या रानासाठी ११० आर सुचवला गेला. त्याचा जोम मध्यम, सोडियम कमी उचलणारा, डोळ्यात घड धरायला बरा.

११० आर च्या घराण्याची गोष्ट मला फार आवडते. फ्रान्समध्ये अमेरिकी खुंट गेले खरे, पण चुनखडीच्या जमिनीत ते पिवळे पडू लागले. तेव्हा पिएर व्हियाला नावाचा शास्त्रज्ञ १८८७ मध्ये अमेरिकेला गेला आणि त्याच मुन्सननं त्याला टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवरची बर्लांडिएरी वेल दाखवली. दुसऱ्याच वर्षी फ्रान्सनं मुन्सनचा सन्मान केला. पुढं रिश्टरनं बर्लांडिएरी आणि रुपेस्ट्रिस यांचा संकर केला, त्यातला हा ११० नंबर. आमच्या ओढ्याकाठी दोन फूट खणलं की चुनखडीचे पांढरे खडे लागतात. त्या टेकडीवरच्या वेलीचं मूळ त्या खड्यांना ओळखत असेल असं मला नांगरट चालू असताना वाटायचं.

२०११ च्या सुरुवातीला खालची बाग काढली. ४८४ रोपं एका नर्सरीतून आणली, ११० आर म्हणून. लावून दोन महिने झाल्यावर तात्या बघायला आले आणि ओळीतून चालता चालता एका रोपापाशी थबकले. शेंडा दोन बोटांत धरून मला म्हणाले, “हिकडं ये. हात लाव.” शेंड्याला दाट पांढरी लव, कापूस लावल्यासारखी. पुढच्या रोपाचा शेंडा धरला. पान लहान, तांबूस, तेल लावल्यागत चकचकीत. “कापूसवालं डॉगरीज. चकाकतंय ते ११०.” त्या दिवशी उन्हं कलेपर्यंत आम्ही ४८४ शेंडे हातात धरून पाहिले. चाळीसच्या वर डॉगरीज निघाले. कलम झाल्यावर ते कुणालाच ओळखू आले नसते. वर सगळीकडं गणेशचंच पान दिसलं असतं आणि मधूनच एखादी वेल का माजते याचं कारण मी खतात शोधत बसले असते. ती रोपं उपटून वरच्या रानात, जिथं तुटाळ होती तिथं लावली. तिथं ती कामाची होती. खाली त्यांच्या जागी ११० आर ची रोपं भरली.

ऑगस्टमध्ये कलमं झाली. संध्याकाळी मी वही काढली तर म्हणाले, “मिटव ती. चुकीची मजुरी कोण घेतं व्हय?” मी किती सांगितलं, आबांनी सांगितलं, ऐकलं नाही. म्हणून मी ओळ लिहिली आणि शेवटी ‘बाकी’ लिहिलं.

पहिला माल आला तो २०१३ चा, पुन्हा दुष्काळाचाच हंगाम. खालच्या मांडवाखाली जमिनीवर उन्हाचे कवडसे पडलेले मला दिसत होते. छाटणीनंतर काडीकाडीला घड होता. सीसीसीची बाटली घरात नव्हती. शेंडा खुडून सबकेन, म्हणजे बगलफुटीची काडी, घेणं आणि पाणी मोजून देणं एवढ्यावर जोम आवरला. साखर वरच्या रानाच्या आठ-दहा दिवस आधी उतरली. मणी मात्र डॉगरीजवरच्या मण्यापेक्षा हलका भरला, त्यासाठी विरळणीत हात जास्त चालवावा लागला, ते इथं लपवून ठेवत नाही. वरचं रान डॉगरीजवरच राहिलं आणि तिथं ते आजही शोभतं. कुणी मला विचारतं, खुंट कुठला चांगला? मी विचारते, पाणी घेऊन आलाय का?

आबा २०१६ ला गेले. तात्या आता ऐंशीच्या घरात आहेत, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही नजर अंधूकच. नातू टोळी चालवतो. म्हैसाळ योजनेचं कृष्णेचं पाणी आमच्या शिवारात आलं, शेततळं भरलं. वरची बाग वीस वर्षांची झाली, खोडं पोकळ व्हायला लागली, ती यंदा काढायची ठरवलंय. गेल्या महिन्यात नातवाच्या गाडीवर मागं बसून तात्या आले. वरच्या रानात त्यांनी त्यांच्या हातच्या एका वेलीचा बुंधा धरला, जोडाच्या जागी आलेल्या गाठीवरून अंगठा फिरवला. मग शेततळ्याच्या पाण्याचा तांब्या मागितला. घोट तोंडात घेतला, फिरवला. या वेळी थुंकला नाही, गिळला.

“गोडं हाय की गं,” ते म्हणाले. बराच वेळ काही बोलले नाहीत. “मग आता ह्या रानाला डॉगरीज कशापायी?”

“मग काय लावू, तात्या?”

“मला नगं इचारू. माती काढ, पानी भर, देठं घे. तपासून आन. मग बोलू.”

बाटली मी त्याच पाण्यानं तीनदा विसळली, काठोकाठ भरली, बूच घट्ट लावलं आणि चिठ्ठीवर लिहिलं : वरचं रान, शेततळं. ती आता ओसरीवर मातीच्या पिशवीशेजारी ठेवली आहे. सोमवारी मांजरीला जायचं आहे. तात्या म्हणालेत, जमलं तर ते पण येतील.